कार्डाऐवजी टोकन : व्यवसायाने सेवा निवडावी कशी?

ऑनलाइन दुकानात पैसे भरताना कार्डाच्या खऱ्या क्रमांकाऐवजी जो पर्यायी क्रमांक वापरला जातो, त्याला टोकन म्हणतात. दिसायला तो कार्डाच्या क्रमांकासारखाच असतो, पण ठरावीक दुकानापुरताच चालतो. चोराने तो पळवून दुसऱ्या संकेतस्थळावर वापरायचा प्रयत्न केला, तर व्यवहार होत नाही. भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क यांच्याखेरीज पेमेंटच्या साखळीतल्या कोणालाही ग्राहकाच्या कार्डाचा खरा क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्यामुळे ‘कार्ड सेव्ह करा’ ही सोय द्यायची असेल, तर व्यवसायाला टोकन वापरण्यावाचून गत्यंतर नाही. मात्र ही टोकने मिळवून देणारी, सांभाळणारी आणि प्रत्येक व्यवहारात चालवणारी कंपनी कोणती घ्यायची, हे व्यवसायालाच ठरवायचे असते. हा निर्णय बहुधा दरपत्रक पाहून आणि जोडणी किती दिवसांत होईल हे विचारून घेतला जातो. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : ही टोकने तयार होणार ती कोणाच्या नावावर?

नियम कसे घडले

कार्डाचा क्रमांक एका तिजोरीत ठेवायचा आणि दुकानदाराला त्याऐवजी बिनकामाचा वाटणारा दुसरा क्रमांक द्यायचा, ही पद्धत अमेरिकेत २००१ च्या सुमारास सुरू झाली. तेव्हाचे टोकन पेमेंट कंपनी स्वतःच्या हिशेबाने बनवत असे. बँकेपर्यंत जाताना तिजोरीतला खरा क्रमांकच पुढे जाई. मार्च २०१४ मध्ये मोठ्या कार्ड नेटवर्कांच्या ‘ईएमव्हीको’ या सामाईक संस्थेने टोकनाचा तांत्रिक आराखडा प्रसिद्ध केला आणि नेटवर्कने स्वतः दिलेले टोकन ही कल्पना पक्की झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत सुरू झालेले ‘अ‍ॅपल पे’ याच पायावर उभे होते. पहिल्या प्रकारात तिजोरी पेमेंट कंपनीची असते, दुसऱ्यात नेटवर्कची. परदेशात आजही दोन्ही प्रकार चालतात. भारतात व्यापाऱ्यासाठी कार्ड सेव्ह करण्याकरिता दुसराच उरला आहे.

रिझर्व्ह बँकेने ८ जानेवारी २०१९ च्या परिपत्रकाने टोकनायझेशनला परवानगी दिली. सुरुवातीला ती मोबाइल आणि टॅबलेटपुरती होती. ऑगस्ट २०२१ मध्ये लॅपटॉप, मनगटी घड्याळे यांसारखी उपकरणेही तिच्या कक्षेत आली. दरम्यान १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पेमेंट अ‍ॅग्रीगेटर, म्हणजे दुकानांच्या वतीने ग्राहकांचे पैसे स्वीकारून दुकानांना पोचवणाऱ्या कंपन्या, आणि त्यांच्याकडचे व्यापारी यांना कार्डाचा तपशील साठवण्यास मनाई केली. ७ सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकाने, दुकानाकडे सेव्ह केलेल्या कार्डांसाठी टोकन देण्याची वाट मोकळी झाली. अंमलबजावणीची तारीख १ जानेवारी २०२२ ठरली होती. व्यापारी आणि बँकांची तयारी अपुरी असल्याने ती आधी जून अखेरीपर्यंत आणि मग ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत पुढे गेली. त्यानंतर जुना साठा पुसून टाकणे बंधनकारक झाले. हिशेब जुळवण्यासाठी आणि व्यवहाराचा माग काढण्यासाठी कार्डाचे शेवटचे चार अंक आणि कार्ड देणाऱ्या बँकेचे नाव एवढेच ठेवायला मुभा राहिली. २० डिसेंबर २०२३ पासून ग्राहकाला थेट आपल्या बँकेमार्फतही वेगवेगळ्या दुकानांसाठी टोकन तयार करून घेता येते.

एका टोकनाचा प्रवास

रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकणारा एखादा व्यवसाय उदाहरणादाखल घेता येईल. एप्रिलमध्ये नागपूरचा ग्राहक पाच डझनांची पेटी मागवतो, कार्डाचा तपशील भरतो आणि कार्ड सेव्ह करण्याच्या चौकोनात टिचकी मारतो. हा चौकोन आधीच भरलेला असून चालत नाही. संमती ग्राहकाने स्पष्टपणे द्यायची असते. बँकेकडून आलेला ओटीपी टाकला की पेटीचे पैसे आणि टोकनाची नोंदणी ही दोन्ही कामे एकाच वेळी होऊ शकतात. नोंदणीची विनंती टोकन मागणाऱ्या कंपनीकडून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रूपेच्या टोकन यंत्रणेकडे जाते. नेटवर्क बँकेकडून खातरजमा करून घेते आणि टोकन परत पाठवते. कार्ड, टोकन मागणारी कंपनी आणि दुकान या तिघांच्या जोडणीला मिळून एक टोकन असते. यांतला एक घटक बदलला तरी टोकन वेगळे होते.

तोच ग्राहक पुन्हा पेटी मागवतो तेव्हा त्याला पडद्यावर बँकेचे नाव आणि शेवटचे चार अंक दिसतात. तो कार्ड निवडतो. पडद्यामागे टोकनासोबत ‘क्रिप्टोग्राम’ नावाची, एकाच व्यवहारापुरती चालणारी सांकेतिक खूण नेटवर्ककडून आणली जाते. टोकन, ही खूण आणि ग्राहकाचा ओटीपी अशा तीन गोष्टी जुळल्या की पैसे वळते होतात. नुसते टोकन हाती लागलेल्या चोराला खूण मिळत नाही, म्हणून त्याचा डाव साधत नाही.

या व्यवसायाचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा. जूनपासून पुढच्या मार्चपर्यंत टोकन नुसते पडून असते. मधल्या काळात बँकेने ग्राहकाला नवे कार्ड दिलेले असू शकते, किंवा ग्राहकाने बँकेच्या अ‍ॅपवरून त्या दुकानाची नोंदणी रद्द केलेली असू शकते. नवे कार्ड जुन्या दुकानांशी जोडायचे असल्यास बँकेला ग्राहकाची संमती घ्यावी लागते. असे बदल सेवा देणाऱ्या कंपनीने व्यवसायाच्या संगणकापर्यंत वेळच्या वेळी कळवले, तर मार्चमध्ये ग्राहकाला योग्य कार्ड दिसते. न कळवल्यास तो सेव्ह केलेले कार्ड निवडतो, व्यवहार फसतो आणि खापर दुकानावर फुटते. टोकन निलंबित होणे, पुन्हा चालू होणे, रद्द होणे या प्रत्येक घटनेची सूचना कंपनी कशी आणि किती वेळात पोचवते, हे म्हणून आधी विचारावे लागते.

टोकन कोणाच्या नावावर

टोकन देते ते नेटवर्क किंवा बँक. टोकन मागते ती कंपनी वेगळी असते आणि प्रत्येक मागणाऱ्याला नेटवर्क एक ओळख क्रमांक देते. तयार झालेले टोकन या ओळख क्रमांकाला कायमचे बांधलेले असते. मागणारा कोण असावा, याचे साधारण तीन मार्ग आहेत.

पहिल्या मार्गात पेमेंट अ‍ॅग्रीगेटरच टोकन मागतो. लहान व्यवसायाला हे सर्वांत सोपे पडते, कारण प्रमाणपत्रे, लेखापरीक्षण आणि नेटवर्कशी करार हे सगळे अ‍ॅग्रीगेटर पाहतो. मात्र टोकने त्याच्या ओळख क्रमांकावर राहतात. दुसऱ्या मार्गात व्यवसाय स्वतःच टोकन मागणारा होतो. त्यासाठी प्रत्येक नेटवर्कचे प्रमाणन घ्यावे लागते आणि कार्ड उद्योगाची सुरक्षा मानके पाळावी लागतात. मोठी ई-कॉमर्स कंपनी किंवा तिकीट विकणारे संकेतस्थळ यांनाच हे परवडते. तिसऱ्या मार्गात तंत्रज्ञान बाहेरच्या कंपनीचे असते, पण ओळख क्रमांक व्यवसायाच्या नावाने काढलेला असतो.

पहिला मार्ग धरलेल्या व्यवसायाने तीन वर्षांनी अ‍ॅग्रीगेटर बदलायचे ठरवले की खरी अडचण समोर येते. परदेशातल्या तिजोरी पद्धतीत जुनी कंपनी कार्डांचे क्रमांक सांकेतिक रूपात नव्या कंपनीला सोपवू शकते. भारतात जुन्या अ‍ॅग्रीगेटरकडे कार्डाचा क्रमांकच नसतो, मग सोपवणार काय? नव्या अ‍ॅग्रीगेटरला नव्याने टोकन मागावे लागते, त्यासाठी ग्राहकाची नवी संमती आणि नवा ओटीपी लागतो. हजारो ग्राहकांना पुन्हा कार्ड भरायला सांगणे म्हणजे त्यांतल्या कित्येकांना गमावणेच. पीक आपले आणि सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर, अशी व्यवसायाची गत होते.

म्हणून पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी विचाराव्यात. टोकन अ‍ॅग्रीगेटरकडे असले तरी त्याचा क्रिप्टोग्राम आणून दुसऱ्या अ‍ॅग्रीगेटरमार्फत पैसे घेता येतील का? आणि दुसऱ्या कोणी तयार केलेले टोकन ही कंपनी आपल्या व्यवस्थेतून चालवून देईल का? दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर व्यवसाय एकाच वेळी दोन अ‍ॅग्रीगेटर ठेवू शकतो. एकाची यंत्रणा बंद पडली तरी दुकान चालू राहते, आणि पुढेमागे कंपनी बदलायची वेळ आली तर ग्राहक हळूहळू वळवता येतात. तोंडी होकारावर भिस्त न ठेवता ही मुभा करारात लिहून घ्यावी.

नेटवर्क आणि बँका

‘आम्ही सर्व कार्डे चालवतो’ हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असते. प्रत्यक्षात कंपनीची प्रत्येक नेटवर्कशी वेगळी जोडणी असते. व्हिसा, मास्टरकार्ड आणि रूपे यांबरोबरच अमेरिकन एक्सप्रेस आणि डायनर्स क्लब या कार्डांचे टोकन मिळते का, हे नावानिशी विचारावे. रूपेची टोकन यंत्रणा राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू केली. गावोगावच्या ग्राहकांकडे रूपे डेबिट कार्ड मोठ्या प्रमाणावर असल्याने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात विक्री करणाऱ्या व्यवसायाने ही जोडणी विशेष तपासावी.

एकाच नेटवर्कवर विसंबणे धोक्याचे ठरू शकते, हे २०२१ मध्ये दिसले. पेमेंटची माहिती भारतातच साठवण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये केला होता. तो न पाळल्याबद्दल अमेरिकन एक्सप्रेस, डायनर्स क्लब आणि मास्टरकार्ड यांना भारतात नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली. जुनी कार्डे चालू राहिली आणि पुढे निर्बंधही उठले, पण धडा मिळाला. माहिती भारतातच साठवण्याचा हा नियम सेवा निवडतानाही लागू पडतो. परदेशी कंपनीची सेवा घेताना पेमेंटचा तपशील भारतातल्या सर्व्हरवरच राहतो, याचे लेखी आश्वासन घ्यावे.

नेटवर्क जोडलेले असले तरी कार्ड देणारी प्रत्येक बँक टोकनाचे व्यवहार सारख्याच सफाईने हाताळते असे नाही. त्यामुळे ‘आमचे व्यवहार यशस्वी होण्याचे प्रमाण उत्तम आहे’ या सरासरीत फारसा अर्थ नसतो. बँकनिहाय, नेटवर्कनिहाय आणि क्रेडिट-डेबिट असे वेगळे आकडे मागावेत. फसलेले व्यवहार कुठे अडले, टोकन मिळवताना, क्रिप्टोग्राम आणताना की बँकेत, हेही अहवालात दिसायला हवे. अडण्याची जागा कळत नसेल, तर दोष एकमेकांवर ढकलण्याचा खेळ सुरू होतो आणि व्यवसायाच्या हाती काहीच लागत नाही.

जे ग्राहक कार्ड सेव्ह करत नाहीत, त्यांचीही व्यवस्था पाहावी लागते. अशा व्यवहारासाठी एकदाच चालणारा पर्यायी क्रमांक नेटवर्क देते. त्याची जोडणी कंपनीकडे तयार आहे का, हे विचारावे. नवख्या दुकानात पहिल्या खेपेला कार्ड सेव्ह करायला अनेक जण कचरतात, त्यामुळे हा वर्ग लहान नसतो.

सवलती, हप्ते आणि परतावे

टोकन आल्यावर दुकानांच्या जुन्या हिशेबात काही गोष्टी विस्कटल्या. कार्डाच्या सुरुवातीच्या अंकांवरून ते कोणत्या बँकेचे आणि कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखता येते. ‘अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डावर दहा टक्के सूट’ ही जाहिरात त्याच ओळखीवर चाले. टोकनाचे सुरुवातीचे अंक मात्र कार्डाच्या अंकांपेक्षा वेगळे असतात. जुनी यादी वापरणाऱ्या दुकानाकडून हक्काच्या ग्राहकाला सूट नाकारली जाण्याची किंवा भलत्यालाच मिळण्याची शक्यता असते. टोकनावरून बँक आणि कार्डाचा प्रकार अचूक सांगणारी, अद्ययावत यादी देणे हे सेवा देणाऱ्या कंपनीचे काम आहे.

दुसरी अडचण एकच कार्ड ओळखण्याची. एका कार्डावर सवलत एकदाच, असा नियम असला आणि दुकान दोन अ‍ॅग्रीगेटर वापरत असले, तर एकाच कार्डाची दोन टोकने तयार होतात. संगणकाला ती दोन माणसे वाटतात. संशयास्पद खरेदीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचाही असाच गोंधळ होतो. यासाठी ‘पेमेंट अकाउंट रेफरन्स’ नावाची २९ अक्षरांची खूण असते. ती मूळ कार्डाशी बांधलेली असल्याने टोकने कितीही असली तरी तीच राहते, आणि तिच्यावरून पैसे काढता येत नसल्याने ती साठवण्यात जोखीम नाही. ही खूण प्रत्येक नेटवर्कसाठी मिळते का, हा प्रश्न मोठ्या दुकानांनी विसरू नये.

बँकेच्या मासिक हप्त्यांची सोय, पूर्ण किंवा अर्धवट परतावा आणि ग्राहकाने बँकेत केलेली तक्रार या तिन्ही गोष्टी टोकनावर चालतात की नाही, हे प्रत्यक्ष व्यवहार करूनच पाहावे. ग्राहकाने टोकन रद्द केल्यानंतर परतावा द्यायची वेळ आली तर पैसे कसे जातील, हा त्यांतला कळीचा प्रसंग. मासिक वर्गणी घेणाऱ्या व्यवसायांना, म्हणजे नियतकालिके, शिकवण्या, विमा यांना, आणखी एक बाब तपासावी लागते. ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जायला हवी. ओटीपीशिवाय कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा जून २०२२ मध्ये ५,००० वरून १५,००० रुपये झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड व क्रेडिट कार्डाचे बिल यांसाठी ती एक लाख रुपयांवर गेली. टोकन आणि ही आगाऊ परवानगी एकत्र चालवण्याचा अनुभव कंपनीला नसेल, तर वर्गणीदार गळू लागतात.

सुरक्षा : टोकन जिथे पुरत नाही

टोकनामुळे दुकानाच्या साठ्यातली चोरी निरुपयोगी ठरते. ग्राहक कार्डाचा क्रमांक पहिल्यांदा टाइप करतो त्या क्षणाचे रक्षण टोकन करत नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर हल्लेखोरांनी पानाच्या कोडमध्ये बदल करून ग्राहकांनी भरलेला तपशील परस्पर स्वतःकडे वळवला. चौकशीत असेही आढळले, की चाचणीसाठी सुरू केलेली एक सोय बंद न झाल्याने कार्डांचा तपशील नोंदवहीच्या फायलींमध्ये उघड्या स्वरूपात साठत गेला होता. चार लाखांहून अधिक ग्राहकांना या हल्ल्याची झळ बसली आणि ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड केला.

यातून निवडीचा एक निकष मिळतो. कार्ड भरण्याची चौकट कंपनीच्याच सर्व्हरवरून येत असेल, तर क्रमांक दुकानाच्या यंत्रणेला शिवत नाही आणि कार्ड उद्योगाच्या ‘पीसीआय डीएसएस’ या सुरक्षा मानकाखालची प्रश्नावली आटोपशीर राहते. चौकट दुकानाने स्वतः बनवली, तर जबाबदारी आणि प्रश्नावली दोन्ही वाढतात. टोकन घेतले म्हणजे हे मानक लागूच नाही, हा समज चुकीचा आहे. मानकाची ४.० ही आवृत्ती मार्च २०२२ मध्ये आली आणि पेमेंटच्या पानावर चालणाऱ्या स्क्रिप्टवर लक्ष ठेवण्याच्या तिच्यातल्या अटी ३१ मार्च २०२५ पासून बंधनकारक झाल्या. त्यांतले कोणते काम कंपनी करणार आणि कोणते दुकानाने करायचे, याची विभागणी लेखी मागावी. कंपनीचे चालू वर्षाचे मानक-पालन प्रमाणपत्र पाहावे. ती पेमेंट अ‍ॅग्रीगेटर असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील अधिकृत यादीत तिचे नाव आहे का, हेही तपासावे. ही तपासणी पाच मिनिटांची असते, तरीही ती बऱ्याचदा राहून जाते.

खर्च

टोकन घेतल्याबद्दल ग्राहकाकडून पैसे आकारता येत नाहीत, त्यामुळे खर्च व्यवसायालाच सोसावा लागतो. तो वेगवेगळ्या रूपांत येतो : टोकन तयार करण्याचा आकार, प्रत्येक क्रिप्टोग्रामचा आकार, टोकन सांभाळण्याचा मासिक आकार, किंवा सगळे मिळून व्यवहाराच्या टक्केवारीत धरलेला दर. ‘टोकनायझेशन मोफत’ असे सांगितले जाते तेव्हा बहुधा हा शेवटचा प्रकार असतो. दुसऱ्या अ‍ॅग्रीगेटरमार्फत व्यवहार केल्यास वेगळा आकार लागेल का, हेही पाहावे. मोफत वाटणाऱ्या सेवेत पाणी मुरते ते इथे.

कोणती आकारणी परवडेल हे धंद्याच्या चालीवर अवलंबून असते. आंब्याच्या व्यवसायात टोकने दहा महिने पडून राहतात; तिथे मासिक सांभाळणीचा आकार नुकसानीचा ठरेल. रोज दूध किंवा किराणा पोचवणाऱ्या सेवेत टोकन एकदा बनते आणि शेकडो वेळा वापरले जाते, तिथे क्रिप्टोग्रामचा दर निर्णायक असतो. मागच्या वर्षभराच्या व्यवहारांवर प्रत्येक दरपत्रक लावून पाहिले, की स्वस्त कोण हे आपोआप स्पष्ट होते.

निर्णयाचा क्रम

लहान व्यवसायाने अधिकृत यादीतला, बाहेरच्या अ‍ॅग्रीगेटरसोबत टोकन चालवू देणारा एक अ‍ॅग्रीगेटर निवडला तर बहुतेक गरजा भागतात. मध्यम आकाराच्या, दोन अ‍ॅग्रीगेटर ठेवणाऱ्या व्यवसायाने टोकनाचा ओळख क्रमांक आपल्या नावाने काढून देणारी तंत्रज्ञान कंपनी पाहावी. स्वतः टोकन मागणारे होण्याचा विचार, प्रमाणन आणि वार्षिक लेखापरीक्षण पेलणारी माणसे पदरी असतील तरच करावा.

दोन-तीन नावे पक्की झाली की मोजक्या ग्राहकांवर प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. त्यात प्रत्येक नेटवर्कचे किमान एक कार्ड, किमान एक सहकारी बँकेचे कार्ड, एक परतावा, एक रद्द केलेले टोकन आणि एक बदललेले कार्ड असावे. गर्दीच्या दिवशी, उदाहरणार्थ अक्षय्य तृतीयेला किंवा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, यंत्रणा किती वेळात उत्तर देते याच्या नोंदी मागून घ्याव्यात. करारात चार कलमे नेमकी असावीत : टोकनाचा ओळख क्रमांक कोणाच्या नावावर राहील, यंत्रणा बंद पडल्यास भरपाई कशी मिळेल, नियम बदलल्यास नवी जोडणी कोणाच्या खर्चाने होईल, आणि करार संपल्यावर जुनी टोकने किती महिने चालू ठेवली जातील. शेवटच्या कलमातली मुदत ग्राहकांच्या खरेदीच्या चक्राला पुरेल इतकी हवी. वर्षातून एकदाच खरेदी करणाऱ्या ग्राहकांच्या व्यवसायाला तीन महिन्यांची मुदत उपयोगाची नाही. त्याने किमान एक पूर्ण हंगाम मागून घ्यावा.